कुलूप शाबूत, कोयंडा हातात

नोव्हेंबर २०१८. भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी आमची आक्का आणि दाजी हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपतीला गेले. सहाव्या दिवशी परत आले तेव्हा कुलूप बंदच होतं, किल्लीशिवाय उघडणार नाही असं घट्ट. पण ते दाराला नव्हतं. कोयंड्यासकट पायरीवर पडलं होतं.

त्याच घराला पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कुलूप लागलं. या वेळी महिनाभरासाठी, नागपूरला माझ्या भाचीच्या, म्हणजे आक्काच्या लेकीच्या, दुसऱ्या बाळंतपणाला. दोन प्रवासांच्या मधल्या आठ महिन्यांत घरात काय बदललं, त्यातलं काय चाललं, काय फसलं आणि मध्येच ऑगस्ट २०१९ चा महापूर येऊन सगळा बेत कसा विस्कटला, ते लिहून ठेवतोय. मी आक्काचा धाकटा भाऊ. दुसऱ्या खेपेला किल्ली माझ्याकडे होती, त्यामुळे चुकांत माझाही वाटा आहे.

घर कुठलं, कसलं

कळंब्याच्या बाजूला, कॉलनीतलं साधं बैठं घर. वर गच्ची, एका अंगाला मोकळा प्लॉट, मागं गटार आणि त्यापलीकडं झुडपं. कळंबा म्हटलं की कोल्हापूरकराला आधी जेल आठवतं. जेल इतकं जवळ असून चोरी झाली म्हणून पाहुण्यांनी पुढं वर्षभर दाजींची टिंगल केली.

दाजींचं जुनं घर मंगळवार पेठेत होतं. तिथं भिंतीला भिंत लागलेली, तालमीच्या कट्ट्यावर मध्यरात्रीपर्यंत पोरं बसलेली. अनोळखी माणूस बोळात शिरला की कुणीतरी विचारणारच, "कुणाकडं जायचंय?" घर बंद करून गावाला जाताना पेठेत कुणी फार विचार केला नाही, कारण राखण गल्लीच करायची. कॉलनीत आल्यावर मोकळी हवा मिळाली, पार्किंग मिळालं, आणि "कुणाकडं" विचारणारा माणूस गेला. दाजी मात्र पेठेतल्याच सवयीनं कुलूप लावून निघाले.

आकाशकंदिलानं केलेली चुगली

पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी दार बघायच्या आधी वर बघितलं. "ह्यो कंदील किती दिवस चालू हाय?"

घर अंधारात दिसू नये म्हणून आक्कानं आकाशकंदील चालू ठेवून कुलूप लावलं होतं. म्हणजे तो पाच दिवस भर दुपारीही पेटलेला होता. रात्री दिवा दिसला तर माणूस घरात असेल असं वाटतं, पण ऊन डोक्यावर आलं तरी दिवा जळतोय म्हटल्यावर घरात कुणी नाही हे शेंबडं पोरही सांगेल. बाकीच्या खुणाही अशाच. फाटकात अडकवलेल्या जाहिरातीच्या चार पत्रिका तशाच होत्या. त्या कुणी मुद्दाम अडकवल्या की खरंच जाहिरात होती, कळायला मार्ग नाही. पण त्या चार दिवस निघाल्या नाहीत, हे कुणालाही दिसत होतं. तुळस मलूल झालेली. आणि दिवाळीच्या दिवसांत सगळ्या दारांत रांगोळ्या, ह्या एकाच दारात भाऊबीजेची पुसट झालेली नक्षी. शिवाय दाजींनी मोबाइलवर स्टेशनचा फोटो टाकला होता: सहकुटुंब तिरुपतीला प्रस्थान. तो किती जणांनी बघितला ते दाजींना माहीत होतं, कारण ते रोज मोजत होते.

गेलं काय? आक्काच्या सासूबाईंचा कोल्हापुरी साज, दोन पाटल्या आणि थोडी रोकड. कपाट फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलं होतं. किल्ली कपाटावरच्या वर्तमानपत्राखाली होती. आक्का म्हणाली, "तिथं कोण बघणार?" पण कपाटाचा वरचा कप्पा, गादीचा पायथा, देवघराचा खण आणि तांदळाचा डबा सोडून किल्ली ठेवणारं घर मला अजून सापडायचंय. चोरांनाही सापडलं नसावं, कारण तांदळाचा डबाही जमिनीवर पालथा होता.

दोन गोष्टी नंतर फार लागल्या. एक म्हणजे पोलीस यायच्या आत शेजारच्या काकूंनी मायेपोटी सांडलेले तांदूळ झाडून, कपाटाची दारं फडक्यानं पुसून ठेवली. ठसेतज्ज्ञ आले, पण पुसलेल्या दारावर काय मिळणार? श्वानपथकही आलं. बातमीत नेहमी असतं तसंच झालं, कुत्रं मुख्य रस्त्यापर्यंत गेलं आणि तिथं घुटमळलं. दुसरी गोष्ट साजाची. फिर्याद लिहून घेताना विचारलं, पानं किती? पारंपरिक साजाला २१ पानं सांगतात, अलीकडे दहा-बारा पानांचेही करतात. आक्कानं तो साज तीस वर्षं घातला होता, पण पानं मोजली नव्हती. फोटो शोधले तर प्रत्येक लग्नात साज पदराखाली. उद्या तो दागिना कुठं सापडला तरी आपलाच आहे हे सांगायचं कशावरून?

फिर्याद तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३८० आणि ४५७ खाली झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. आता राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५ आणि घरफोडीला ३३१ लागतं. साज आजवर मिळालेला नाही.

विम्याचंही सांगून टाकतो. गृहकर्जाच्या वेळी काढलेली पॉलिसी दाजींनी मोठ्या आशेनं उघडली. ती आग, पूर, भूकंप अशा गोष्टींची निघाली. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीतही मूळ संरक्षण तशाच आपत्तींना आहे. चोरी धरली जाते ती अशा आपत्तीपाठोपाठ, त्याच कारणानं, सात दिवसांच्या आत झाली तर. सुट्टीत कुणी दार उचकटलं त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

सुताराची शिकवणी

वर्तमानपत्रात 'कडीकोयंडा उचकटून' हे शब्द इतक्यांदा वाचलेत की त्यांचा अर्थ डोक्यात शिरतच नाही. सुतारानं तो पडलेला कोयंडा हातात घेऊन शिरवला. कुलूप सातशे रुपयांचं, सात लिव्हरचं. ते धरून ठेवलं होतं पाऊण इंची चार स्क्रूंनी, तेही चौकटीच्या मऊ पडलेल्या लाकडात. कटावणीचं टोक पट्टीमागं घालून एकदा जोर दिला की स्क्रू लाकडाचा भुगा घेऊन बाहेर. कुलपाला हात लावायची गरजच नाही. "दाजी, तुम्ही चोराला कुलूप दाखवलंसा, त्यानं स्क्रू बघितलं," असं तो म्हणाला. त्यानंतर दाजींनी त्याच्याशी घासाघीस केली नाही.

उपाय स्वस्तच होता. नवा कोयंडा आरपार बोल्टांनी बसवला. बोल्टाचं गोल डोकं बाहेर, नट आतल्या बाजूला, मध्ये लोखंडी पट्टी. बाहेरून पाना लागत नाही आणि उचकटायचं तर फळीच फोडावी लागते. शिवाय दारात इंटरलॉक, म्हणजे दाराच्या फळीतच बसणारं कुलूप, बसवलं. त्याचा खरा फायदा मजबुतीचा नाही. लोंबणारं कुलूप म्हणजे 'आम्ही घरी नाही' ही पाटी, ती पाटी निघाली. आता पितळी कोयंडा नुसता शोभेला आहे.

मागच्या दाराला आतून अडसर आला. गच्चीचं दार सगळ्यांत पोकळ होतं, प्लायचं, एका बारक्या कडीवर. ते बदलायला पैसे उरले नव्हते, म्हणून वर आणि खाली एकेक कडी वाढवली. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत मापानं कापलेली काठी आडवी टाकली, की बाहेरून खिटी उचकटली तरी काच सरकत नाही.

उरलेलं सोनं लॉकरला गेलं. १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आग, चोरी किंवा बँकेच्याच माणसाची लबाडी यातून लॉकरमधलं काही गेलं, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपुरती असते. भाडं २००० असेल तर दोन लाख, मग आत दहा लाखांचं का असेना. तरीही ते कपाटावरच्या वर्तमानपत्रापेक्षा बरं. लॉकरला जाण्याआधी मी प्रत्येक दागिन्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, शेजारी पट्टी ठेवून, पानं मोजून, सराफाच्या पावतीसकट.

राहतं घर दिसावं म्हणून

२० जुलै २०१९ ला ते नागपूरला निघाले. फोटो टाकला नाही. दाजींना ते जड गेलं.

आक्कानं तयारी मन लावून केली होती. दूध आणि पेपर बंद केले नाहीत, काकूंच्या दारात टाकायला सांगितले. बंद केले असते तर 'घर कधीपर्यंत बंद' हे आणखी दोन माणसांना कळलं असतं. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी घातली. पाण्याचा टाकीखालचा मुख्य कॉक बंद केला. फ्रिज रिकामा करून बंद केला आणि दारात टॉवेलची गुंडाळी अडकवली, नाहीतर महिन्यानं उघडल्यावर वास जात नाही. (चार-पाच दिवसांसाठी जायचं असेल तर मी फ्रिज चालू ठेवतो आणि फ्रीझरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून वर रुपया ठेवतो. परत आल्यावर रुपया बर्फाच्या तळाशी गेलेला दिसला तर मध्ये वीज बराच वेळ गेली होती, आतलं अन्न टाकून द्यायचं.) न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल. तेलाच्या थरानं पाणी लवकर उडत नाही, गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. कपाटांत खडेमिठाच्या वाट्या, दमट हवेसाठी.

मग नाटकाची तयारी. बाहेरचा दिवा उजेड ओळखणारा, अंधार पडला की लागणारा आणि उजाडलं की विझणारा. आकाशकंदिलाचा धडा होता तो. आत हॉलमधल्या दिव्याला चकतीचा टायमर, सव्वासात ते साडेदहा. रेडिओला दुसरा टायमर, सकाळी साडेसहा ते आठ. दोरीवर दाजींचा एक शर्ट, दारात कोल्हापुरी चपलांचा जोड. फाटकाआत काकूंच्या मुलानं आपली स्कूटर लावायची. आणि रांगोळी.

रांगोळीची कल्पना काकूंचीच. "माझ्या दारात काढतोच की मी रोज. दोन ठिपकं तुमच्या दारात काढायला काय जातंय? तुम्ही जावा निवांत." काकू रांगोळी पोर्चमध्ये काढायच्या, पावसाचं पाणी लागणार नाही अशी, आणि स्वतःच्या दारातलीच नक्षी तिथं कधी काढायच्या नाहीत. त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री सव्वाएकचा दिवा

पहिल्या आठवड्यात शर्ट फसला. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस, चार दिवस थांबायचं नाव नाही, आणि दोरीवर एकच शर्ट ठिबकतोय. पावसात दोरीवर विसरलेला शर्ट म्हणजे दिवसा पेटलेला कंदीलच. काकूंनी तो काढून नेला. चपलांवर पांढरी बुरशी चढली आणि डावी चप्पल कुत्र्यानं पळवली. उजवी एकटीच पहारा देत होती. तिथं मग रबरी सपाता ठेवल्या.

जुलै सरता सरता एका रात्री सव्वाएकला फोन आला. काकू हळू आवाजात. "तुमच्या आक्काच्या घरात दिवा लागलाय. कोण हाय ओ आत?" मी शाहूपुरीत, बाहेर धो धो. गाडीवर रेनकोट चढवून पोचेपर्यंत कॉलनीतली सात-आठ पोरं काठ्या घेऊन घराला वेढा घालून उभी. एकजण गच्चीवर. दार उघडलं. आत कुणी नाही. हॉलचा दिवा एकटाच लागलेला, आणि टायमरची चकती जेमतेम साडेसात दाखवत होती.

चकतीच्या टायमरला बॅटरी नसते. वीज गेली की तो जागच्या जागी थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढं चालू लागतो. दहा दिवसांत थोडी थोडी करून सहा तास वीज गेली होती, म्हणून संध्याकाळचा दिवा मध्यरात्रीनंतर लागला. रेडिओही दुपारी साडेबारापासून भजनं ऐकवत होता, काकूंना वाटलं हे माझंच काम. म्हणजे जी युक्ती घर राहतं दिसावं म्हणून केली, तिनं दोन-तीन रात्री तरी उलटंच दाखवलं असणार. टायमर घ्यायचाच तर आत बॅटरी असलेला डिजिटल घ्यावा, किंवा दोन-तीन दिवसांनी कुणीतरी जाऊन चकती जुळवावी. तो कुणीतरी मी होतो आणि मी दहा दिवसांत एकदाही गेलो नव्हतो.

पण त्या रात्रीचं एक मला अजून आठवतं. पोरं घरी जाईनात. कुणाच्या तरी आईनं चहा आणला. "भावा, परत काय वाटलं तर फोन लाव," म्हणून नंबर दिले. पेठेतला कट्टा सहा वर्षांनी कॉलनीत आला होता, तो एका बिघडलेल्या टायमरमुळं. आज असा फोन ११२ ला करावा हे खरं, आणि पोरांनी काठ्या घेऊन जाण्याआधी करावा हेही खरं.

मोकळं घर भरलं

५ ऑगस्टला नागपंचमी होती. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडून पाणी आमच्या बोळात आलं तेव्हा आई, बायको, मी आणि दोन पोरं असे आम्ही सरळ किल्ली घेऊन आक्काच्या घरी. कळंब्याची बाजू उंच. बंद घराची राखण करणारा बंद घरातच राहायला आला.

म्हणून हा प्रयोग कसोटीला पुरता उतरलाच नाही. ३० दिवसांपैकी १३ दिवस घर खरोखरच भरलेलं होतं. 'चोरी झाली नाही' याचं श्रेय बोल्टांना द्यायचं, रांगोळीला, की आमच्या पोरांच्या दंग्याला, हे मला सांगता येत नाही. पण आतून राहिल्यामुळे तयारी नीट तपासता आली.

न्हाणीतली तेलाची युक्ती पक्की निघाली, एक झुरळ नव्हतं. मागची धुण्याची मोरी विसरली होती, तिथं झुरळांचं संमेलन. खडेमिठाच्या वाट्यांत पाणी साठलं होतं, तरी कपाटातल्या चामडी पिशवीला बुरशी लागलीच. मीठ थोडं काम करतं, महिनाभराचं नाही. खिडकीतल्या बांबूच्या काठ्या पाणी पिऊन इतक्या फुगल्या होत्या की एक खिडकी उघडेचना, पोराला हवा पाहिजे म्हणून मी काठी फोडून काढली. आता तिथं पीव्हीसी पाइपचे तुकडे आहेत.

सगळ्यांत उपयोगी पडली ती बंद कॉकवरची भरलेली टाकी. उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यानं शहराचा पाणीपुरवठा बंद होता, टँकरपुढं रांगा. आम्हाला वापरायला हजार लिटर आयते मिळाले. दुधाची टंचाई होती. काकूंच्या दारात आक्काच्या नावानं जी पिशवी पडायची, ती आली की पोरांना मिळायची. रेडिओ टायमरवरून काढून सेलवर लावला, बंधाऱ्याची पातळी त्यावर ऐकायची.

आणि गच्चीचं दार. तिसऱ्या दिवशी पाणी उपसायला वर गेलो तेव्हा कडीशेजारी, बाहेरच्या बाजूनं, प्लायवर तीन ओरखडे दिसले. एक खोल. प्लाय पावसानं फुगलेला, त्यामुळे नवे की जुने कळेना. दाजींना फोटो पाठवला. ते म्हणाले, सुताराचे असतील. सुतार म्हणाला, माझे न्हवंत. त्या रात्री गच्चीवर चढलेला पोरगा म्हणाला, मी दाराला हातच लावला नाही. लोखंडी दार बसवलं ते मात्र त्याच महिन्यात.

शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली होता, रेल्वेही बंद, त्यामुळे आक्का-दाजींचं परतणं थोडं लांबलं. १८ ऑगस्टला आले. काकूंनी त्या दिवशी दारात मोठी रांगोळी काढली होती, पाळणा आणि नातीचं नाव. दाजींनी आधी तिचा फोटो काढला. मग विचारलं, "आता टाकू का?"

दोन आठवड्यांनी गणपती बसले. चकतीचा टायमर वाया जाऊ नये म्हणून आक्कानं तो आरासीच्या माळांना लावला. तिसऱ्या रात्री दोन वाजता सगळ्या माळा लागल्या, आणि समोरच्या घरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोण हाय?"